घरातील राउटर : चालू ठेवावा की बंद करावा?

गणेशोत्सवासाठी कोकणात निघणाऱ्या लालबाग-परळच्या कुटुंबांचा एक ठरलेला क्रम असतो. सामान जिन्यावरून खाली उतरले, मोरीतला नळ घट्ट केला, गॅस बंद असल्याची खात्री झाली, की घरातील कर्ता माणूस दाराजवळचा मेन स्विच बंद करतो आणि मगच खोलीला कुलूप लावतो. घरात फ्रीज आला तेव्हा या क्रमात तो रिकामा करून, पुसून, त्याचे दार किलकिले ठेवण्याची भर पडली. बाकी क्रम तोच राहिला. गेल्या काही वर्षांत मात्र पोटमाळ्याच्या कडेला किंवा देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर ब्रॉडबँडचा राउटर येऊन बसला आहे, आणि मेन स्विचकडे गेलेला हात क्षणभर थांबू लागला आहे. गॅलरीत लावलेला कॅमेरा त्याच्यावर चालतो, शेजारच्या खोलीतील विद्यार्थी त्याच्यावर अभ्यास करतो, आणि पुष्कळ घरांत टेलिफोनही त्यालाच जोडलेला असतो. तो बंद करावा काय?

हाच प्रश्न रोज रात्री लहान प्रमाणात उभा राहतो. घरातील सर्व मंडळी झोपली असता राउटरचे हिरवे दिवे लुकलुकत राहतात. गरज नसेल तेव्हा दिवा मालवावा, पंखा बंद करावा, ही शिकवण ज्या पिढीच्या अंगवळणी पडली आहे तिला हे लुकलुकणे खटकते. घरातील तरुण मंडळींना तो बंद केलेला खटकतो. दोन्ही बाजूंनी बरेच बोलले जाते. त्यामागे हिशेब मात्र क्वचितच मांडला जातो. तो मांडून पाहणे उपयुक्त ठरेल.

विजेचा हिशेब

मुंबई बेटावर, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंत, घरोघरी वीज पुरवण्याचे काम मुख्यतः बेस्ट उपक्रमाकडे आहे. ७ ऑगस्ट १९४७ रोजी हा उपक्रम महानगरपालिकेच्या मालकीचा झाला. गिरणगावात वीज त्याच्याही आधी पोहोचली होती. १९१५ साली खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातून निघालेली वीज प्रथम आली ती कापड गिरण्या चालवण्यासाठी. गिरणीत मोठमोठे साचे विजेवर फिरत असताना तेथील कामगाराच्या खोलीत पुढे दीर्घकाळ एखादाच दिवा असे, आणि तो केव्हा मालवायचा याविषयी घरात शिस्त असे. राउटरविषयीची अस्वस्थता ही त्या शिस्तीचीच पुढची पायरी होय.

घरगुती राउटर साधारणपणे पाच ते बारा वॅट वीज घेतो. तो कोणी वापरत असो वा नसो, या आकड्यात फारसा फरक पडत नाही; कारण पेटीतील यंत्रणा सतत जागी असते. आठ वॅटचा राउटर वर्षभर अहोरात्र चालला तर सुमारे ७० युनिट वीज खर्च होते. युनिटचा दर इंधन आकार व इतर आकार धरून आठ रुपये मानला, तर वर्षाचे ५६० रुपये, म्हणजे महिन्याला ४७ रुपयांच्या आसपास. आता तो केवळ रात्रीचे सात तास बंद ठेवला असे समजू. वर्षाला वीस युनिट वाचतील व महिन्याला साडेतेरा रुपये. नाक्यावरच्या एका कटिंग चहाची ही किंमत आहे.

बेस्टचे घरगुती दर टप्प्याटप्प्याने वाढतात. पहिल्या १०० युनिटांना एक दर, १०१ ते ३०० युनिटांना त्याहून चढा, आणि त्यापुढे आणखी चढा. ज्या खोलीचा महिन्याचा वापर शंभराच्या काठावर आहे तिला राउटरचे सहा युनिट दुसऱ्या टप्प्यात नेऊ शकतात. पण चढा दर शंभरावरच्या युनिटांनाच लागतो, सगळ्या बिलाला नव्हे. ही गोष्ट अनेकांना ठाऊक नसते व त्यामुळे एक-दोन युनिटांची नको इतकी धास्ती घेतली जाते.

तुलनेसाठी दुसरी काही साधने पाहावी. दोन हजार वॅटचा गिझर दहा मिनिटे अधिक चालला तर एक युनिटाचा तिसरा हिस्सा खर्च होतो. म्हणजे राउटर सहा रात्री बंद ठेवून जे वाचले ते एका सकाळी गेले. जुना छताचा पंखा सुमारे ७५ वॅट घेतो, नव्या धर्तीचा तीस वॅटच्या आसपास. रोज दहा तास चालणारा एक पंखा बदलला तर वर्षाला सुमारे १६० युनिट वाचतात, म्हणजे राउटर रोज रात्री बंद करण्याच्या आठपट. छताच्या पंख्यांवर ताऱ्यांची खूण जानेवारी २०२३ पासून सक्तीची झाली आहे, ती पाहून पंखा घ्यावा. दूरदर्शन संचाखालची सेट-टॉप पेटीही अशीच फसवी आहे. रिमोटने ती बंद केली तरी पुष्कळ पेट्या जवळजवळ तेवढीच वीज घेत राहतात. रात्री एकच बटण दाबायचे असेल तर ते भिंतीवरचे, या पेटीचे दाबावे. तिला बंद केल्याने कोणाचेही अडत नाही.

येथे एक रास्त आक्षेप घेता येतो. एका घराचे वीस युनिट क्षुल्लक असतील, शहराचे नसतील. बेस्टचे वीजग्राहक दहा लाखांहून अधिक आहेत. त्यांपैकी पाच लाख घरांत आठ वॅटचा राउटर आहे असे केवळ हिशेबासाठी धरले व तो सर्वांनी रात्री सात तास बंद ठेवला, तर वर्षाला एक कोटी युनिट वाचतील. हा आकडा मोठाच आहे. मात्र त्याच पाच लाख घरांतील एकेक पंखा बदलला तर आठ कोटी युनिट वाचतील, आणि त्यासाठी रोज रात्री कोणाला आठवण ठेवावी लागणार नाही. ऊर्जा बचतीची मोहीम आखणाऱ्यांनी लोकांचे लक्ष कोठे वळवावे हे यावरून ठरवता येईल. लोकांचा उत्साह मर्यादित असतो. तो आठ वॅटवर खर्ची पडला तर पंच्याहत्तर वॅटसाठी उरत नाही.

उघडे दार

बचतीपेक्षा अधिक गंभीर मुद्दा सुरक्षिततेचा आहे, आणि त्याचा धडा मुंबईने २००८ साली घेतला आहे. त्या वर्षी २६ जुलै रोजी संध्याकाळी अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्याआधी काही मिनिटे प्रसारमाध्यमांना एक धमकीचा ई-मेल आला होता. तपासात तो नवी मुंबईतील सानपाडा येथील एका सदनिकेच्या वाय-फाय जोडणीवरून गेल्याचे निघाले. २३ ऑगस्टला दुसरा ई-मेल गेला तो माटुंग्याच्या खालसा महाविद्यालयाच्या जोडणीवरून. दादरपासून हे ठिकाण हाकेच्या अंतरावर आहे. १३ सप्टेंबरला दिल्लीतील स्फोटांच्या वेळी तिसरा ई-मेल चेंबूरच्या एका खाजगी कंपनीच्या जोडणीवरून पाठवला गेला. तिन्ही ठिकाणच्या लोकांचा कटाशी संबंध नव्हता. त्यांचे दार उघडे होते, इतकेच. पण पोलीस प्रथम त्यांच्याच दारी आले.

यानंतर जानेवारी २००९ मध्ये मुंबई पोलिसांनी शहरातील असुरक्षित वाय-फाय जोडण्या शोधण्याची मोहीम घेतली, आणि फेब्रुवारीत केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाने वाय-फायच्या सुरक्षित वापराबाबत सेवा देणाऱ्या कंपन्यांना सूचना दिल्या. हल्ली राउटर पासवर्डसहच बसवले जातात, त्याची पार्श्वभूमी अशी आहे.

या घटनांवरून राउटर बंद ठेवण्याचा उपदेश काढला जातो. बंद राउटरचा गैरवापर होऊ शकत नाही हे खरे आहे. परंतु अहमदाबाद व दिल्लीच्या वेळचे ई-मेल संध्याकाळी, लोक जागे असण्याच्या वेळी गेले होते. रात्री अकरानंतर राउटर बंद करण्याची सवय त्या घरांना असती तरी ते टळले नसते. ते टळले असते ते चांगल्या पासवर्डने. स्विच आणि कुलूप या दोन वेगळ्या वस्तू आहेत, आणि एकीने दुसरीचे काम होत नाही.

चाळीत हे कुलूप विशेष नाजूक असते. दोन-तीन बिऱ्हाडांनी मिळून एक जोडणी घेणे व बिल वाटून भरणे ही गिरगाव-लालबागच्या शेजारधर्माला साजेशी आणि खर्चाच्या दृष्टीने शहाणपणाची गोष्ट आहे. मात्र पासवर्ड एका खोलीतून दुसऱ्या खोलीत, तेथून पाहुण्याला, पाहुण्याकडून त्याच्या मित्राला जातो, आणि वर्षभरात तो कोणाकोणाकडे आहे हे ज्याच्या नावावर जोडणी आहे त्यालाही सांगता येत नाही. चौकशीची वेळ आली तर नाव त्याचेच निघते. म्हणून दर चार-सहा महिन्यांनी, निदान एखादे बिऱ्हाड खोली सोडून गेल्यावर तरी, पासवर्ड बदलावा. तो खोलीचा क्रमांक, घरातील मुलाचे नाव किंवा मोबाइल क्रमांक नसावा. बहुतेक राउटरांत पाहुण्यांसाठी वेगळी जोडणी देण्याची सोय असते, ती वापरावी. वाय-फायच्या पासवर्डखेरीज राउटरच्या स्वतःच्या नियंत्रणाचा एक पासवर्ड असतो. तो कारखान्यातून आला तसाच ठेवण्याची चूक सार्वत्रिक आहे. अशाच न बदललेल्या पासवर्डांचा फायदा घेऊन २०१६ साली लाखो कॅमेरे व राउटर ताब्यात घेण्यात आले, आणि त्यांच्या एकत्रित माऱ्याने त्या वर्षी २१ ऑक्टोबरला अमेरिकेतील अनेक मोठी संकेतस्थळे काही तास बंद पडली.

बंद करण्याचा सुरक्षिततेला मुळीच उपयोग नाही असेही नव्हे. मे २०१८ मध्ये ५४ देशांतील पाच लाखांवर उपकरणांत एक घातक प्रणाली शिरल्याचे आढळले, तेव्हा अमेरिकेच्या तपास यंत्रणेने लोकांना केलेली पहिली सूचना होती राउटर बंद करून पुन्हा चालू करण्याची. अशा प्रणालींचा काही भाग राउटरच्या तात्पुरत्या स्मृतीत असतो व वीज जाताच पुसला जातो. मुळाशी रुजलेला भाग मात्र राहतो. त्यासाठी राउटरची आज्ञावली अद्ययावत करावी लागते. महिन्यातून एकदा राउटर मिनिटभर बंद करून चालू करणे ही सवय म्हणून चांगली आहे. आपल्याकडे केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राने २०१७ पासून अशा प्रणाली शोधून काढण्याची साधने विनामूल्य उपलब्ध करून दिली आहेत. शाळांनी व कार्यालयांनी त्यांचा लाभ घ्यावा.

टेलिफोनचे बदललेले रूप

राउटर रात्री बंद करावा की नाही, याचा निकाल सर्वांत अधिक ज्या गोष्टीवर अवलंबून आहे तिचा विचार बहुधा होतच नाही. ती म्हणजे टेलिफोन.

मुंबईत पहिले टेलिफोन केंद्र १८८२ साली सुरू झाले. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे घरातील फोन तांब्याच्या तारेवर चालला. ही तार केवळ आवाज वाहत नसे. फोनला लागणारी वीजही केंद्रातील बॅटऱ्यांवरून तीच पुरवीत असे. त्यामुळे चाळीचे दिवे गेले तरी फोन चालू राही. काळोखात, मेणबत्तीच्या उजेडात डॉक्टरांना फोन केल्याच्या आठवणी जुन्या घरांतून निघतात त्या यामुळेच. १ एप्रिल १९८६ रोजी महानगर टेलिफोन निगम स्थापन झाले तेव्हाही व्यवस्था हीच होती.

काचेच्या तंतूने, म्हणजे फायबरने जोडणी आली आणि ही व्यवस्था आमूलाग्र बदलली. काच वीज वाहून नेत नाही. फायबरच्या पेटीला व राउटरला घरातील विजेवर चालावे लागते, आणि ती बंद तर त्यांना जोडलेला फोनही बंद. दिसायला उपकरण तेच, क्रमांक कित्येकदा तोच, वाजण्याचा आवाजही तोच. म्हणून हा फरक वृद्ध मंडळींच्या ध्यानात येत नाही. रात्री मुलाने काटकसर म्हणून राउटर बंद केला आणि पहाटे वडिलांच्या छातीत दुखू लागले तर आईने उचललेल्या फोनमध्ये कसलाच आवाज येणार नाही. जिन्याखालच्या किंवा दोन भिंतींआडच्या खोल्यांत मोबाइलची रेंज क्षीण असते. तेथे मोबाइलवरील बोलणेही पुष्कळदा वाय-फायच्या आधारे चालते. त्या घरांत रात्री राउटर बंद करणे म्हणजे दोन्ही मार्ग तोडणे होय. साडेतेरा रुपयांसाठी हा धोका कोणी पत्करू नये.

याच कारणाने, ज्या घरात वृद्ध वा आजारी माणूस आहे तेथे राउटरला लहान बॅटरीची जोड देणे इष्ट ठरते. मुंबई बेटावर भारनियमन नाही, पण वीज जातच नाही असे नाही. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी ग्रिडमधील बिघाडामुळे अवघी मुंबई काही तास विजेविना होती. टाळेबंदीच्या त्या वर्षी मुलांचे वर्ग घरातूनच भरत होते. पावसाळ्यात हिंदमाता परिसरात पाणी साचते, तेव्हा तळमजल्याच्या खोल्यांत सुरक्षिततेसाठी मेन स्विच बंद करावाच लागतो. अशा वेळी राउटरची फिकीर करू नये. मोबाइल आधीच पूर्ण भरून ठेवावा, आणि पुढच्या पावसाळ्यापूर्वी गुडघ्याएवढ्या उंचीवरची प्लगची जागा वर न्यावी.

लहरींविषयीची भीती

राउटरच्या लहरींनी झोप बिघडते, मुलांना अपाय होतो, अशा समजुतीनेही काही घरे तो रात्री बंद करतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मे २०११ मध्ये रेडिओ लहरींना ‘संभाव्य कर्कजन्य’ या गटात ठेवले, त्याचा हा परिणाम. त्या गटाचा अर्थ पुरावा मर्यादित आहे, निष्कर्ष काढण्यास पुरेसा नाही, असा आहे. घरगुती राउटरची क्षमता अल्प असते व दोन हात अंतरावर तिची तीव्रता आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या फार खाली येते. उशीखाली ठेवलेला मोबाइल डोक्याला त्याहून कितीतरी जवळ असतो; चिंता वाटत असेल तर प्रथम तो दूर ठेवावा. शिवाय चाळीत एका खोलीचा राउटर बंद केल्याने लहरी थांबत नाहीत. फोन उघडून पाहिला तर शेजारच्या आठ-दहा जोडण्यांची नावे दिसतात.

या गर्दीचा एक परिणाम मात्र खरा आहे. वाय-फायच्या जुन्या पट्ट्यात एकमेकांत न मिसळणारे मार्ग तीनच आहेत. एका मजल्यावर दहा राउटर त्याच तीन मार्गांवर बोलू लागले की सर्वांचाच वेग मंदावतो. गावी गेलेल्या बिऱ्हाडाचा राउटर बंद असेल तर मागे राहिलेल्यांना थोडी मोकळीक मिळते. नवे राउटर पाच गिगाहर्ट्झच्या प्रशस्त पट्ट्यावरही चालतात. ती सोय चालू करून घेणे हा अधिक टिकाऊ उपाय होय.

शाळा, कचेऱ्या आणि ग्रामपंचायती

वरील विचार कुटुंबांपुरता नाही. शाळेला दिवाळीची व उन्हाळ्याची सुटी लागते तेव्हा संगणक कक्षातील राउटर निष्कारण चालू राहतात. चाळीस दिवसांत एका राउटरचे सुमारे आठ युनिट होतात. पण खरा प्रश्न बंद खोलीत उष्णतेत राहणाऱ्या अडॅप्टरचा असतो. मुख्याध्यापकांनी सुटीपूर्वी ते प्लगमधून काढून ठेवण्याची जबाबदारी कोणावर तरी नेमून द्यावी. त्यापूर्वी त्याच राउटरवर आवारातील कॅमेरे किंवा हजेरी यंत्र नाही ना, हे पाहावे.

ग्रामपंचायतीत गोष्ट उलट असते. भारतनेट योजनेखाली ग्रामपंचायत कार्यालयात बसवलेली पेटी हे जेथे गावाच्या जोडणीचे टोक असते, तेथे शाळा, आरोग्य उपकेंद्र वा सेवा केंद्र पुढे तिच्यावर अवलंबून असू शकतात. शनिवारी कार्यालय बंद करताना शिपायाने सवयीने मेन स्विच पाडला की सोमवारपर्यंत त्या सर्वांचे काम थांबते, आणि तक्रार मात्र कंपनीकडे जाते. या पेटीचा प्लग वेगळ्या सर्किटवर घेऊन त्यावर ‘बंद करू नये’ अशी पाटी लावावी. काटकसर करायची तर कार्यालयातील दिवे, पंखे आणि रात्रभर चालू राहणारे संगणक पुष्कळ आहेत.

बंद करावयाचे झाल्यास

कोकणात पंधरा दिवसांसाठी जाणाऱ्या कुटुंबाने, कॅमेरा लावलेला नसेल व जोडणी शेजाऱ्यांशी वाटून घेतलेली नसेल तर, राउटर अवश्य बंद करावा. वाचतील ते तीनच युनिट. परंतु कुलूपबंद लाकडी खोलीत, कापडाने झाकलेल्या अडॅप्टरला राखण्यास कोणी नसते. अडॅप्टर राउटरबरोबर आलेलाच वापरावा. तो बिघडल्यास बाजारातून घेताना भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी खूण व व्होल्टचा आकडा जुळवून घ्यावा. राउटरवर विणलेला रुमाल घालण्याची हौस असते, ती टाळावी. पेटीची छिद्रे हवा खेळण्यासाठी असतात.

तांब्याच्या तारेची जोडणी असेल तर विजांच्या कडकडाटात प्लग व टेलिफोनची तार दोन्ही काढावीत. फायबरला केवळ प्लग पुरे. तांब्याच्या जोडणीवर राउटर वारंवार बंद-चालू केल्यास काही देशांतील केंद्रे ते तारेतील बिघाडाचे लक्षण समजून वेग आपोआप कमी करतात. फायबरवर ही अडचण नसते. राउटरचे दिवे नेहमीपेक्षा वेगळ्या रीतीने लुकलुकत असतील तर नवी आज्ञावली उतरवली जात असण्याचा संभव असतो. कंपन्या हे काम पुष्कळदा रात्री करतात. त्या वेळी वीज तोडल्यास पेटी निकामी होऊ शकते, म्हणून दहा-पंधरा मिनिटे थांबावे.

परत आल्यावर मेन स्विच वर केला की राउटरला सावकाश सुरू होऊ द्यावे. फायबरची पेटी वेगळी असेल तर आधी ती, तिचे दिवे स्थिर झाल्यावर राउटर. या साऱ्यास तीन-चार मिनिटे लागतात. नंतर फोन उचलून त्यात नेहमीचा आवाज येतो की नाही ते पाहावे, आणि घरातील वडीलधाऱ्यांनाही ते ऐकवावे.